मामाची चिनी काठी

सन १९४६, मार्गशीर्षाचा पहिला आठवडा. काम: गोवऱ्या थापणे.

हे काम एरवी आईचं. सकाळच्या त्या वेळी मी शाळेच्या वाटेवर असे. पण तीन-चार दिवस मी घरीच होते. शाळेला सुट्टी नव्हती. मला होती, आणि ती आईनं दिली होती.

आमचं गाव उंब्रजपासून दीडेक कोसावर. गावात शाळा चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर उंब्रजला चालत जायचं. मी सातवीला होते आणि त्या वर्षी फायनलला बसणार होते. फायनल पास झालेल्या मुलीला शाळेत नोकरी मिळते, असं गुरुजींनी आईला सांगितलं होतं, आणि आईला ते पटलं होतं. वडील पलटणीत, बेळगावला. घरातले निर्णय आईचे.

दिवाळी झाली की जतकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या बाजूला येत. रानात मेंढरं बसवली की खत होतं, म्हणून शेतकरी त्यांना धान्य देऊन बोलावून घेत. त्या वर्षी त्यांचा तळ नेमका शाळेच्या वाटेवर पडला. त्यांची कुत्री लांडग्याशी झुंजणारी. गावातून उंब्रजला जाणारी मुलगी मी एकटीच. मुलगे पुढं पळत, जाता जाता कुत्र्यांना दगड मारत, आणि खवळलेली कुत्री मागून येणाऱ्या माझ्या वाट्याला येत. एके दिवशी त्यातल्या एकानं माझा परकर फाडला. पोटरीला दात निसटता लागला, रक्त आलं नाही. पण आदल्या वर्षी शेजारच्या वाडीतली एक बाई कुत्रं चावून, पाण्याला भिऊन गेली होती. आईनं फाटका परकर बघितला आणि म्हणाली, "फायनल नगं आन काय नगं. जित्ती ऱ्हा."

त्यानंतर गोवऱ्या माझ्याकडे आल्या.

आदल्या संध्याकाळी मामा आला होता. आईचा धाकटा भाऊ, सांगलीजवळच्या खेड्यातला. पलटणीबरोबर सिंगापूरला गेला, तिथं जपान्यांच्या हातात सापडला आणि लढाई संपेपर्यंत कैदेत राहिला. परत आला तेव्हा सदरा त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसे. आई त्याला वरचेवर बोलावून घ्यायची आणि समोर बसून तूप खायला लावायची.

तो चहाची कपबशी घेऊन परड्यात आला. "का गं बाय, आज शाळा न्हाई?"

उत्तर आईनं दिलं. "झाली तिची शाळा. कुत्री धरत्यात वाटंला."

"कुत्र्याला भिऊन शाळा सोडायची, आक्का?"

"तू न्हाई व्हय ऱ्हायलास जपान्याला भिऊन?"

आईचं तोंड असं होतं. दुसरा कुणी दुखावला असता; मामा बशीत चहा सांडेपर्यंत हसला. "व्हय की. पन जपान्याकडं बंदूक हुती. कुत्र्याकडं काय हाय?"

"दात."

मला वाटलं, आता बोललं नाही तर जन्मभर गोवऱ्याच. मी म्हणाले, "मला लाठी येते, मामा." शाळेत कवायतीला आम्हांला लेझीम आणि लाठी शिकवत. मी शेणाचे हात धुतले, कोपऱ्यातली काठी घेतली, सलामीच्या रीतीप्रमाणे ती जमिनीवर ठेवली, वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला, काठी उचलली आणि डोक्याभोवती, पाठीमागून, गुडघ्याखालून सूं सूं फिरवून दाखवली. मला वाटतं मी चांगली फिरवत होते.

मामानं बघितलं. "झालं? तवर कुत्रं दोनदा चावून, पानी पिऊन गेलं आसतं." मग आईकडे वळून म्हणाला, "आक्का, दत्तजयंतीपातूर हिला माझ्याकडं दे. मी शिकीवतो."

"तुला काय येतंय?"

"चिन्यानं शिकीवलंय."

मग त्यानं ती हकिकत सांगितली. जपान्यांशी लढाई सुरू व्हायच्या आधी वर्षभर त्याची पलटण सिंगापूरच्या छावणीत नुसती बसून होती. छावणीच्या कुंपणाला लागून एका चिनी म्हाताऱ्याचा भाजीचा मळा होता. म्हातारा खांद्यावर बांबूची चपटी दांडी घेई आणि तिच्या दोन टोकांना भाजीच्या पाट्या लटकवून बाजाराला जाई, आपल्याकडच्या कावडीसारखं. एकदा दोन झिंगलेल्या शिपायांनी त्याच्या पाट्या ओढल्या. म्हाताऱ्यानं पाट्या खाली सोडल्या, दांडी हातात घेतली. "कुनाचं डोकं फुटलं न्हाई," मामा म्हणाला, "पन दोघंबी चिखलात बसलं. आन भाजीचं एक पान तुटलं न्हाई." मामा तालमीतला गडी. दुसऱ्या दिवशी आपल्या वाट्याचं तूप घेऊन म्हाताऱ्याच्या दारात जाऊन बसला. भाषा दोघांची वेगळी. म्हातारा करून दाखवी, मामा करी, चुकलं की म्हातारा दांडीनं त्याचा पाय सरळ करी. भाजीची दांडी, कुदळ, बसायचं बाकडं, नाव ढकलायचा बांबू, एवढीच त्याची हत्यारं. भिंतीवर टांगलेलं एकही नव्हतं.

आई म्हणाली, "दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिशी मी सवता मागनं चालनार. माझ्या डोळ्यांफुडं ती त्या कुत्र्यांवरनं पार झाली तर शाळा. न्हाईतर पुन्हा इषय काढायचा न्हाई. दोघांनीबी."

एवढ्या अटीवर ते ठरलं.

मामाला घरातली एकही काठी पसंत पडेना. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तो सर्व्हिस मोटारीनं सांगलीला गेला. घाटावर नावाडी होते. त्यांच्याकडे नवे बांबू होते, पण मामाला वापरलेला हवा होता. पाण्यात मुरलेला, हातानं गुळगुळीत झालेला. नावाड्यानं विचारलं, "कशाला पायजे?"

"पोरीच्या शाळंला."

"शाळा पान्यात हाय व्हय?"

परतीच्या मोटारीत कंडक्टर बांबू टपावर घेईना. "आवं पावनं, आन नाव कुठं हाय?" मामा शांतपणे म्हणाला, "ती फुडच्या मोटारीनं येतीया." सगळी मोटार हसली आणि बांबू वर गेला. मी खिडकीशी बसले होते. वाटेवरची गुऱ्हाळं चालू होती, गुळाचा वास आत येत होता, आणि मोटार वळली की बांबू टपावर घरंगळत आवाज करी. पुढं आयुष्यात पुष्कळ प्रवास झाला. इतक्या उमेदीनं घरी आणलेली दुसरी वस्तू मला आठवत नाही.

मामानं बांबू कापून माझ्या उंचीपेक्षा हातभर लांब ठेवला. शिकवणी परड्यात, पहाटेची कामं झाल्यावर. पहिले काही दिवस काठी हलवूच दिली नाही. पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायचं आणि काठी जाड टोकाकडून दोन्ही हातांत धरून पुढं आडवी रोखायची. बस. थोड्याच वेळात टोक थरथरायला लागे. मग दंड, मग मांड्या. मामा पायरीवर बसून शेंगा खात असे.

"मामा, किती वेळ?"

"टोक थांबंपातूर."

"ते थांबत न्हाई."

"मंग इचारतीस कशाला?"

फिरवणं त्यानं बंद केलं. काठी डोक्यावर गेली की कुत्रं खालून आत शिरतं, आणि माणूसही. काठीचं टोक समोरच्याच्या नाकासमोरून हलता कामा नये. तिथंच ते रवीसारखं लहान लहान घुमवायचं, आणि वेळ आली की सरळ खुपसायचं. ताक मी रोज घुसळत होतेच. ती गोष्ट मला लवकर जमली. खुपसणं जमेना. मामानं गोठ्याच्या आढ्याला दोरी बांधून एक भोपळा टांगला. मी त्याला भोसकण्याच्या आधी आईनं तो काढून नेला आणि कडब्याची पेंडी आणून टांगली. "भोपळ्यानं काय तुझं घोडं मारलंय?"

मामाच्या हातात दुसरी काठी असे. तो मारी, मी अडवून पुढं जायचं. त्याचं सगळं लक्ष आवाजाकडे. "टक-टक नगं. टक. येकच. दोन आवाज आलं म्हंजे आदी आडवलंस आन मंग फुडं गेलीस. आडवनं आन जानं येकच." हे मला कधी तरी दहातून एकदा साधे. साधलं की कळे. हाताला झिणझिणी येत नसे.

बाकड्याचाही धडा त्याला द्यायचा होता. आमच्याकडे बाकडं कुठलं? त्यानं जेवायचा पाट उचलला आणि एका हातानं ढालीसारखा धरून दाखवायला लागला. आई चुलीपासूनच ओरडली, "पाट खाली ठेव! सणाला देव बसत्यात त्याच्यावर." तो धडा तिथंच संपला.

हल्ली शहरातली पोरं चिनी मारामारीचे सिनेमे बघून येतात आणि जिन्यात लाथा झाडतात. त्याला कुंग फू म्हणतात, हे मला मुलानं सांगितलं. मामाला तो शब्द ठाऊक नव्हता. तो 'चिन्याचं काम' म्हणे. त्यातलं उभं राहणं तेवढं माझ्याकडे टिकलं. भरलेला हंडा उचलताना, धान्याचं पोतं सरकवताना अजून गुडघे आपोआप वाकतात, आणि माझ्या वयाच्या बायकांसारखी माझी कंबर धरत नाही. बांबू पुढं कपडे वाळत घालायला गेला, आणि मोडला तेव्हा चुलीत. मामा पन्नाशीच्या आत गेला. सांगलीला घाटावरून जाताना नावाडी बांबूवर भार देताना दिसला, की मी क्षणभर थांबते. त्याचे पाय बघते. बरोबर असतात.

मामा भाचीला चिनी हात शिकवतोय ही बातमी गावच्या तालमीत गेलीच. एका संध्याकाळी वस्तादांनी त्याला बोलावून घेतलं. मी आणि आई शेजारच्या ओट्यावर बायकांत उभ्या होतो. वस्ताद भला माणूस. लाठी अशी फिरवी की तिच्या आत माणूस दिसत नसे.

"दावा की पावनं, चिन्याचा हात."

"त्यात दावण्यासारखं काय न्हाई, वस्ताद."

लोक ऐकेनात. वस्तादांनी सलामी दिली, लाठी फिरवायला लागले, शिट्ट्या झाल्या. मामा वाकून उभा राहिला, बांबूचं टोक घुमवत. एकदा टक् झालं. बांबूचं टोक वस्तादांच्या सदऱ्याच्या गुंडीवर टेकलं होतं, आणि त्यांची लाठी बाजूला गेली होती.

गर्दी आणखी काही व्हायची वाट बघत राहिली. मग कुणीतरी म्हणालं, "एवढंच व्हय?" दुसरा म्हणाला, "तिकीट आसतं तर पैसं म्हागारी मागितलं आसतं, गड्या." वस्ताद मात्र हसले आणि त्यांनी गुंडी चाचपली. "ह्यो खेळ न्हाई रं. ह्ये काम हाय."  वाटेनं मी आईच्या तोंडाकडे बघत होते. शाळेच्या बाजूनं तिथं काही हललं का, ते कळेना.

दत्तजयंती झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर गळ्यात आणि काठी हातात घेऊन निघाले. आई डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन थोडी मागं. तिला पुढं रानात जायचं होतं. मामाला तिनं बांधावरच थांबवलं. "तू हितनं हालायचं न्हाई. मदतीला धावशील."

तळ दिसायला लागला. जाळ्यांत मेंढरं होती आणि धुरात कुणीतरी बाई वाकलेली. कुत्री आधी भुंकली नाहीत, सरळ निघाली. पुढं एक थोरलं, काळं, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. मागं एक तांबूस, धाकटं.

आणि मी काय केलं? काठी जमिनीवर ठेवली, वाकले आणि मातीला हात लावला.

दोन वर्षांची कवायत होती ती. मागं आई बघतेय, बांधावर मामा बघतोय, समोर कुणी चालून येतंय. हाताला वाटलं, आता सलामी. मामानं बांधावरून जी आरोळी मारली ती मला अजून ऐकू येते. पण गंमत अशी, की दोन्ही कुत्री जागच्या जागी थांबली. आपल्याकडे कुत्र्यापुढं माणूस वाकला की तो दगडच उचलतो. त्या कुत्र्यांनी जन्मात दुसरं काही बघितलंच नव्हतं. मी हात कपाळाला लावला. दगड आला नाही. हे थोरल्याच्या लक्षात आलं आणि ते पुन्हा निघालं. तोवर काठी माझ्या हातात होती.

पाय आपसूक फाकले. टोक त्याच्या नाकासमोर खाली, घुमतं. ते डावीकडे गेलं, टोकही गेलं. उजवीकडे आलं, टोक तिथं होतं. मग त्यानं टोकच दातांत धरलं आणि ओढायला लागलं. मामानं सांगितलं होतं, धरू दे, धरलंय तोवर दात कामात आहेत. मी बसत्या पायांवर भार दिला आणि ओढून धरलं. दंड थरथरत होते, पण परड्यात थरथरत त्यापेक्षा जास्त नाही.

धाकटं दिसत नव्हतं.

"पाठ!" मामा ओरडला. "पाठ सांभाळ!"

त्यानं शंभरदा सांगितलं होतं, पाठीला बांध घे, झाड घे. मी गाडीवाटेच्या मधोमध उभी होते, आणि वळले तर थोरलं सुटणार होतं. मागं पावलं वाजली. आई धावली नाही. ती नेहमीच्या चालीनं आली आणि तिची पाठ माझ्या पाठीला टेकली. बुट्टीच्या फडक्याची गाठ सुटल्याचं मला कळलं. मग तिचा आवाज, परसातल्या कोंबड्यांशी बोलते तसा: "घे. खा. मुकाट्यानं खा." मागं चपचप आवाज यायला लागला. तिनं दुसरी भाकरी माझ्या खांद्यावरून थोरल्यापुढं टाकली. त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. ते माझ्या काठीला लोंबकळत राहिलं.

धुरातली धनगरीण धावत आली. "ए, बा इल्ली! बा!" असं कानडीत त्याला जवळ बोलावत तिनं थोरल्याचा पट्टा धरला. त्यानं टोक सोडलं आणि जणू काही झालंच नाही असं तिच्या पायांशी बसलं.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दगड न्हाई मारलास पोरी, ब्येस केलंस. दगड मारनाऱ्याला ह्यो इसरत न्हाई." मग आईला, "आवं बाई, भाकरी कशापायी दिलीसा? थोरला परक्याचं खात न्हाई. ह्यो धाकटा लबाड हाय. आता रोज वाट बघंल."

"बघू दे," आई म्हणाली. "वाट बघनारं कुत्रं चावत न्हाई."

धनगरिणीच्या 'रोज'ला आई नाही म्हणाली नाही, हे मी ऐकलं. मी नुसतं दप्तर सावरलं. आईचं बोलणं अर्ध्यात अडवायचं नाही, हे मला घरात लवकर कळलं होतं.

मामा बांधावरून उतरून आला. "मंग, आक्का?"

"मंग काय?" ती बुट्टीवर फडकं बांधत होती. "ही सलामी कुनाला करत हुतीस गं? कुत्र्याला?"

मामा हसला, धनगरीणही हसली. आईनं माझे दंड चाचपून बघितले. अजून थरथरत होते. "आज घरी चल. उद्यापास्नं काठी घेऊन जायचं, बांधाच्या कडंनं जायचं, आन मी येक भाकरी जास्ती देईन ती ह्या लबाडाला घालायची. येवढं करनार आसशील तर जा."

"करीन," मी म्हणाले.

मामा जरा रुसल्यासारखा दिसला. "भाकरी आमच्या म्हाताऱ्याच्या शिकवनीत न्हवती, आक्का."

"मग त्याला सांग की, आर्धंच शिकीवलंस म्हून."

मामा काठीचं चावलेलं टोक बघायला लागला. सिंगापूर पडलं तेव्हा मळ्याच्या बाजूला बरेच दिवस धूर होता, एवढंच त्यानं पुढं एकदा सांगितलं. त्या म्हाताऱ्याचं काय झालं ते त्याला कळलं नव्हतं. आईला हे तेव्हा ठाऊक नसावं. किंवा असावंही; कारण त्या संध्याकाळी तिनं त्याला तूप खायचा आग्रह केला नाही, नुसती शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर निघाले. वर्गात पुढं बसणाऱ्या मुलीकडून बुडालेल्या दिवसांचं गणित उतरवून घ्यायचं होतं.